पांढरी तीन

श्रावणातली संध्याकाळ होती. दुपारभर कोसळलेला पाऊस नुकताच ओसरला होता. माडांच्या झावळ्यांवरून थेंब ओघळत होते, तुळशीपाशी पाण्याचं लहानसं तळं साचलं होतं आणि समुद्राची गाज थेट ओसरीपर्यंत येत होती. गोव्यातल्या आमच्या मांद्र्यात ही गाज नीट ऐकायची तर पावसाळाच हवा. हंगामात जुनसवाडा आणि आश्व्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ असते, रात्री उशिरापर्यंत कुठून ना कुठून संगीत चालू असतं. पाऊस जवळ आला की किनाऱ्यावरच्या लाकडी खोल्या मोडून ठेवतात आणि गाव पुन्हा आपल्या आवाजावर येतं.

त्या संध्याकाळी मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. समोर चटईवर आई, आणि तिच्यापुढे आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पेटी.

"आई, पांढरी तीन दे," मी म्हटलं.

आईनं डाव्या हातानं भाता उघडला, उजव्या हाताचं बोट मोजत मोजत तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर नेलं आणि दाबलं. मी सगळ्यात जाड तार छेडली आणि खुंटी पिळू लागलो. तारेचा सूर पेटीच्या सुराकडे सरकत गेला. आई डोळे मिटून ऐकत होती.

"सकल आसा अजून. मातशी वयर काड," ती म्हणाली.

तार अजून खाली होती, किंचित वर काढायला हवी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईनं जन्मात गिटार हातात धरलेली नाही. पेटीसुद्धा ती वाजवत नसे. पेटी आबांची. ते ओसरीवर वाजवायचे आणि ती चुलीपाशी बसून ऐकायची. चाळीस वर्षं ऐकलेला सूर असा मुरतो की माणूस गेलं तरी तो जागचा हलत नाही. मी खुंटी केसभर फिरवली. दोन सूर एकमेकांत मिसळले, मधली थरथर थांबली. आईनं डोळे उघडले आणि मान हलवली. सहावी तार लागली होती.

गिटार माझ्या मुलीची. पणजीला कॉलेजात असताना तिनं ती हौसेनं घेतली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा ती कपाटावर राहिली. पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी मी ती खाली काढली. खाऱ्या हवेनं तारा गंजल्या होत्या. बोट फिरवलं की बोटावर तपकिरी रेघ उमटत होती. म्हापशाहून नवा संच आणला. त्यात सहा लहान कागदी पाकिटं होती आणि प्रत्येक पाकिटावर एक आकडा नि एक अक्षर छापलेलं होतं. १ ई, २ बी, ३ जी, ४ डी, ५ ए, ६ ई. माझा पहिला धडा त्या पाकिटांवरच लिहिलेला होता.

पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक, गिटार मांडीवर घेतली की जमिनीच्या बाजूची. सहावी म्हणजे सगळ्यात जाड, आपल्या हनुवटीच्या बाजूची. बसल्या जागेवरून पाहणाऱ्याला जी वर दिसते तिचा क्रमांक शेवटचा, आणि जी खाली दिसते ती सुरात सर्वांत उंच. नवशिक्याची पहिली अडचण इथेच होते. नजरेला जे वर आहे ते कानाला खाली आहे, हे पटवून घ्यायला हाताला काही दिवस लागतात.

नावं पाठ करायला मुलीनंच फोनवर एक युक्ती सांगितली. इंग्रजीत मुलं या सहा अक्षरांचं एखादं वाक्य बनवतात, तसं मराठीत बनवा. मे महिना होता, घरात मानकुराद आंब्यांचा वास भरला होता, आणि वाक्य आपसूक तयार झालं: एक आंबा दे, गोड बघून एक. प्रत्येक शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर घेतलं की जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असा क्रम येतो. मी ते वाक्य बाजारात म्हटलं, बसमध्ये म्हटलं, ऑफिसात फाइल उघडताना म्हटलं. चार दिवसांत ते पाठ झालं. नवशिक्या मित्रांना आजही ते मी आनंदानं देतो, कारण त्याचा उपयोग होतो.

पण आठवड्यानं मला कळलं की माझं वाक्य पाठ झालं आहे, तारा पाठ झालेल्या नाहीत. कुणी विचारलं, चौथी तार कुठली, तर मी मनात "एक आंबा दे" म्हणत तिथपर्यंत चालत जायचो. आणि मी डोळे मिटून बसलो नि कुणी एखादी तार छेडली तर ती कुठली हे मला सांगता येत नसे. नावाला चेहरा होता, आवाज नव्हता.

आमच्या वाड्यापासून थोड्या अंतरावर एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ राहतात. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही म्हणतो. ते मूळचे नदीपलीकडचे, बार्देशातले. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये शापोरा नदीवर पूल झाला त्याआधी ते फेरीबोटीनं ये-जा करत. आयुष्यभर त्यांनी चर्चमध्ये आणि लग्नांत व्हायोलिन वाजवलं, गिटारही वाजवली. एका संध्याकाळी त्यांच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून मी माझी अडचण सांगितली. त्यांनी गिटार हातात घेतली, एकेक तार अंगठ्यानं छेडली, आणि प्रत्येक तारेबरोबर तिचं नाव गायले: मी, ला, रे, सोल, सी, मी. नुसतं म्हटलं नाही, त्या त्या तारेच्या सुरात गायले. मग गिटार माझ्याकडे देत म्हणाले, "आदीं तोंडान म्हण, मागीर हात लाय."

आधी तोंडानं म्हण, मग हात लाव. पुढचं जे काही मी शिकलो ते या एका वाक्याच्या आत मावतं.

अंकल ज्या पद्धतीनं शिकले तिला गोव्यात सोल्फेज म्हणतात. सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा होत्या आणि त्यांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन शिकवलं जाई. शिकवणारा मेस्त्रे मुलाच्या हातात लगेच व्हायोलिन देत नसे. आधी कागदावरचा स्वर पाहून तो गायचा, हातानं मात्रा मोजायची, महिनोन्महिने. तोंडात स्वर बसला की मग वाद्य. याच शाळांतून घडलेली माणसं पुढे मुंबईला गेली. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा कलावंतांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ उभे केले. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्या सगळ्या कर्तबगारीच्या मुळाशी गावच्या चर्चमधला एक लहान मुलगा आहे, जो हातात काही नसताना दो, रे, मी गात उभा होता.

ही दो रे मीची नावंसुद्धा पाठांतराच्या गरजेतूनच जन्मली. ११व्या शतकात इटलीत अरेझ्झोचे ग्वीदो नावाचे एक संन्यासी होते. गायकांना स्वर लक्षात राहावेत म्हणून त्यांनी संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राचा आधार घेतला. त्या स्तोत्राच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. ग्वीदोंनी त्यांतल्या प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर उचललं आणि तेच स्वराचं नाव केलं: उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे त्यात सी आला आणि उतचा दो झाला. म्हणजे मुळात ही नावं गाण्यातूनच काढलेली आहेत. गाणं बाजूला ठेवून ती पाठ करायला गेलं तर ती हाती लागत नाहीत, यात नवल नाही.

आपली सरगमही तशीच जुळलेली आहे. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद या पूर्ण नावांची आद्याक्षरं म्हणजे सा रे ग म प ध नी. आपल्याकडेही मूल आधी ती गातं, मग पेटीवर बोट ठेवतं. दोन परंपरांनी, एकमेकींची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी, एकच पद्धत शोधली: लांब गोष्टीचं एक अक्षर करा आणि ते अक्षर गळ्यातून जाऊ द्या.

आमचं मांद्रे ज्या पेडण्यात आहे तो नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा घेतलेल्या मुलखातला, महाल. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगिजांकडे गेला, त्यामुळे बार्देश-साष्टीसारखा चर्चच्या संगीताचा पाया इथे घराघरात रुजला नाही. इथला पाया भजनाचा. श्रावणातले सप्ताह, चतुर्थीला घुमटाच्या तालावर रंगणाऱ्या आरत्या, सोहिरोबानाथ आंबियांची पदं. मनोहरबुवा शिरगावकरांसारख्यांनी गोव्याच्या भजनाला शिस्त लावली. त्यांच्या नावानं कला अकादमी भजनी मंडळांची स्पर्धा घेते. आबा कुठल्या मोठ्या मंडळात नव्हते. वाड्यावरच्या भजनात पेटी धरायचे, एवढंच. पण भजनाच्या पेटीवाल्याला एक गोष्ट पक्की यावी लागते, ती म्हणजे पट्टी. गाणारा बसला की विचारतो, "कुठली?" आणि पेटीवाला सांगतो, "काळी एक," किंवा "पांढरी दोन." त्या एका उत्तरावर अख्खी रात्र उभी राहते.

अंकलच्या बल्कांवातून घरी येताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. मी, ला, रे, सोल, सी, मी मला गाता येत होतं, पण ते माझ्या जिभेचं नव्हतं. आणि आमच्या 'रे'शी त्यांच्या 'रे'ची गल्लत होत होती. त्यांचा रे कायम एकाच जागेचा, इंग्रजीतला डी. आपला रे सा जिथे जाईल त्याच्यामागून जाणारा. सा पांढरी एकवर ठेवला तरच दोन्ही रे एका पट्टीवर भेटतात. मला एक असं नाव हवं होतं जे जागेला बांधलेलं असेल आणि तरीही घरचं असेल. ते नाव घरातच होतं, खोळ घातलेल्या पेटीत.

रात्री मी पेटी उघडली. आबा गेल्यावर ती फारशी उघडली नव्हती. आत कापराचा वास होता आणि पट्ट्यांवरचं पांढरं पिवळसर झालं होतं. मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या बोटांनी खोलगट झाल्या होत्या. इंग्रजीतला सी म्हणजे पांढरी एक, हे मला माहीत होतं. तिथून मी मोजत गेलो. ई म्हणजे पांढरी तीन. ए म्हणजे पांढरी सहा. डी म्हणजे पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच, बी म्हणजे पांढरी सात. आणि शेवटी परत पांढरी तीन. गिटारच्या सहाही सुट्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर होत्या. एकही काळी नाही. तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. हे आकडे मला पाठ करावे लागले नाहीत. त्यांतल्या प्रत्येक आकड्याला आधीच एक आवाज होता, कारण लहानपणी आबांच्या शेजारी बसून मी तो ऐकला होता. पांढरी दोन म्हटलं की वाड्यावरचे एक काका डोळ्यांपुढे यायचे, ते नेहमी त्या पट्टीत गायचे. चौथ्या तारेला मी मनात त्या काकांचं नाव दिलं आणि त्यानंतर ती तार मी कधीच विसरलो नाही.

पेटीनं आणखी एक कोडं सोडवलं. गिटारच्या मानेवर सगळे पडदे सारखेच दिसतात. काळं-पांढरं काही नाही. प्रत्येक पडद्यावर सूर अर्ध्या पायरीनं वर जातो, आणि पूर्ण पायरी कुठे आहे, अर्धी कुठे आहे, हे डोळ्यांना कळायला खूणच नसते. पेटीवर मात्र ती डोळ्यांसमोर असते: तीन आणि चार यांच्यात काळी पट्टी नाही, आणि सात आणि पुढची एक यांच्यातही नाही. बाकी सगळीकडे आहे. एवढं ध्यानात ठेवलं की गिटारवरचे पहिले स्वर आपोआप सापडतात. ईच्या तारेवर तीननंतर लगेच चार, म्हणजे पहिल्याच पडद्यावर एफ; मग मधली काळी सोडून तिसऱ्या पडद्यावर जी. बीच्या तारेवर सातनंतर लगेच एक, म्हणजे पहिल्या पडद्यावर सी, तिसऱ्यावर डी. एच्या तारेवर सहानंतर काळी आहे, म्हणून सात दुसऱ्या पडद्यावर आणि एक तिसऱ्यावर. डीच्या तारेवर तीन दुसऱ्यावर, चार तिसऱ्यावर. जीच्या तारेवर सहा दुसऱ्यावर. नवशिक्याला पहिल्या महिन्यात लागणारे सगळे पांढरे स्वर इथे संपले. आणि बाराव्या पडद्यावर पोचलं की तारेची लांबी निम्मी होते, सूर सप्तकभर चढतो आणि नाव परत तेच येतं, जसं पेटीवर येतं.

तारा एकमेकींशी जुळवायची रीतही सरगमेतूनच समजली. जाड तारेचा पाचवा पडदा दाबला की जो सूर येतो तोच पुढच्या तारेचा सुटा सूर. म्हणजे प्रत्येक तारेला सा धरलं तर पुढची तार तिचा शुद्ध मध्यम. ईचा मध्यम ए, एचा मध्यम डी, डीचा मध्यम जी. पण जीवरून बीवर जाताना चौथा पडदा दाबावा लागतो, कारण बी ही जीचा मध्यम नाही, गांधार आहे. आणि मग बीचा मध्यम परत ई. पाच जोड्यांत चार वेळा सा-म आणि एकदाच सा-ग. पुस्तकं हा अपवाद म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मी अंकलना कारण विचारलं. त्यांनी सगळे मध्यमच ठेवून तारा लावून दाखवल्या: शेवटची तार ईऐवजी एफवर गेली, आणि पहिल्या व सहाव्या तारेची दोन टोकं एकमेकींना खटकू लागली. मग त्यांनी दुसरी आणि पहिली तार अर्धी पायरी खाली उतरवली. पुन्हा दोन्ही टोकांना ई आली, बरोबर दोन सप्तकांच्या अंतरानं, आणि डाव्या हाताच्या चार बोटांत कॉर्ड मावू लागले. एका जोडीनं थोडं कमी अंतर घेतलं म्हणून सहाही तारा घरी पोचतात. तेव्हापासून जी आणि बीमधली ती जागा मला चूक वाटत नाही, ती मला समजूतदार वाटते.

आता त्या श्रावणातल्या संध्याकाळकडे परत येतो. सहाही तारा लागल्या होत्या. आईनं पेटीचा भाता बंद केला, पण ती उठली नाही. मी तिसरी तार मध्ये मध्ये छेडत बाकीच्या सुट्या तारा वाजवत होतो. डावा हात रिकामाच होता, फक्त नावं म्हणत होतो: पाच, सात, पाच, तीन, दोन, पाच. बराच वेळ असं चाललं. आणि आई गुणगुणू लागली. आधी मला वाटलं, ती काही आठवून गातेय. मग लक्षात आलं, ती माझ्या तारांवरच चालत होती, आणि जिथे माझ्या दोन तारांमध्ये मोठी उडी होती तिथे गळ्यानं पूल टाकत होती. थोड्या वेळानं ती थांबली आणि म्हणाली, "हो भूप न्हय रे?"

मी पेटी ओढली. पांढरी पाचला सा धरलं. ए म्हणजे पांढरी सहा, तो रे. बी म्हणजे पांढरी सात, तो ग. डी म्हणजे दोन, तो प. ई म्हणजे तीन, तो ध. सा रे ग प ध. गिटारच्या सुट्या तारांवर, एकही बोट न दाबता, भूपाचे पाचही स्वर होते आणि पाचांखेरीज एकही नव्हता. भूप म्हणजे आपल्याकडे शिकणाऱ्याला बहुधा पहिल्यांदा दिला जाणारा राग, संध्याकाळ उलटता उलटता गायचा. आबांनी मला पेटीवर पहिल्यांदा बोटं ठेवायला शिकवली तेव्हा त्यांनी दिलेला आरोहही भूपाचाच होता.

त्या रात्री मी उशिरापर्यंत बसलो. सा एकेका तारेवर सरकवत गेलो. आपले जुने शास्त्रकार याला मूर्च्छना म्हणतात: स्वर तेच, पण आधार बदलला की रूप बदलतं. डीला सा धरलं तर सा रे म प ध, दुर्गा. एला सा धरलं तर सा रे म प आणि कोमल नी, मेघाचे स्वर. बाहेर पाऊस होताच. ईला सा धरलं तर धानी. आणि बीला सा धरलं तर कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. पाच वेगळे सूर, पाच राग, आणि डावा हात अजून मानेला लागलेलाही नाही. हजारो मैलांवरच्या युरोपात कारागिरांनी आणि वादकांनी आपल्या सोयीनं लावलेल्या या तारांत आपला भूप आणि मालकंस शेजारी शेजारी बसलेले असावेत, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही. कुणी ते राग तिथे ठेवलेले नाहीत. पाच स्वरांचं हे कुटुंब माणसाच्या कानाला जगभर आवडतं, म्हणून ते दोन्हीकडे सापडतं.

अर्थात स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. सा रे ग प ध हे देसकाराचेही स्वर आहेत. भूप त्यातून होतो तो चलनानं, गांधारावर थांबण्यानं, धैवताकडे हळुवार जाण्यानं. आईला भूप ओळखू आला तो तिनं मधल्या जागा गळ्यानं भरल्या म्हणून. हीच गोष्ट तारांच्या नावांची आहे. ई, ए, डी, जी, बी, ई ही यादी आहे. ती पाठ असलीच पाहिजे. पण तिच्यात जीव येतो तो नाव आणि आवाज एकाच वेळी निघाल्यावर.

पाठांतराला अलीकडे कमी लेखलं जातं. समजून शिका, घोकू नका, असं मुलांना सांगितलं जातं, आणि पुस्तकी घोकंपट्टीबाबत ते खरंच आहे. पण संगीतात पाठांतर हीच समजण्याची पहिली पायरी आहे. मेस्त्रे आणि बुवा दोघांनीही मुलांकडून पाठ करून घेतलं, फक्त कागदावरून नाही, गळ्यावरून करून घेतलं. गळ्यानं पाठ केलेली गोष्ट विसरायला फार वर्षं लागतात. आई त्याची साक्ष आहे.

काही जण मला म्हणाले, भजनाच्या पेटीवरून गिटार कशी शिकता येईल, दोन्ही वेगळ्या दुनिया. मला ते पटत नाही. आज आपण जिला देवघरातली पेटी म्हणतो तीही बाहेरून आलेली आहे. १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये अलेक्झांडर देबँ यांनी हार्मोनियम घडवली. पायानं भाता मारायच्या त्या वाद्याची हातानं वाजवायची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी केली. तिच्यात मींड निघत नाही म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. तरीही वाड्यावाड्यांवरची भजनं तिच्याशिवाय एक दिवस थांबली नाहीत. जे वाद्य माणसाच्या गळ्याला साथ देतं ते परकं राहत नाही. नदीपलीकडे शिवोलीत गिटार कधीच घरची झाली आहे. रेमो फर्नांडिस तिथलेच. मांद्र्यातल्या ओसरीवरही ती पेटीशेजारी बसू शकते, हे मी रोज पाहतो.

एक लहानसा प्रश्न मात्र उभा राहिला. मुलीनं पाठवलेला, सूर तपासायच्या छोट्या यंत्राचा चिमटा मी गिटारच्या डोक्याला लावला तेव्हा कळलं की आबांची पेटी आजच्या मापापेक्षा किंचित वर आहे. आजचं माप सेकंदाला ४४० कंपनांचं. १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मधल्या ए स्वरासाठी ते ठरलं आणि १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून नोंदलं गेलं. गिटारची पाचवी सुटी तार त्याच्या दोन सप्तकं खाली, ११० कंपनांवर. जगातल्या कुठल्याही वादकाबरोबर बसायचं तर हेच माप हवं, आणि ते असणं फार सोयीचं आहे. अंकलकडे जाताना मी चिमट्यावर तारा लावतो. घरी मात्र आईसमोर बसताना त्या आबांच्या पेटीवर लावतो. दोन्ही वेळा तारांची नावं तीच राहतात. सूर म्हणजे दोघांनी मिळून मान्य केलेली जागा, आणि ज्याच्याबरोबर वाजवायचं त्याच्या जागेवर जाऊन बसायचं, हे शिकायला मला ती केसभराची तफावत उपयोगी पडली.

आता डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले आहेत. वाजवून झालं की तारा सुती फडक्यानं पुसून ठेवायच्या, हे अंगवळणी पडलंय. समुद्राच्या हवेत हे केलं नाही तर नव्या ताराही महिन्याभरात काळवंडतात. चार कॉर्ड येतात, एक-दोन साधी भजनं सुट्या सुरांत वाजवता येतात. वेग नाही आणि त्याची घाईही नाही.

ज्यांच्या घरात अशी एखादी गिटार कपाटावर पडून आहे, मुलांची, भावाची किंवा स्वतःचीच, त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं: ती खाली काढा, तारा बदला, आणि पहिल्या आठवड्यात एकही कॉर्ड शिकू नका. रोज दहा मिनिटं फक्त सहा सुट्या तारा छेडा आणि प्रत्येकीचं नाव तिच्याच सुरात मोठ्यानं गा. ई, ए, डी म्हणा, मी, ला, रे म्हणा, नाहीतर तीन, सहा, दोन म्हणा. जे नाव तुमच्या घरात आधीपासून ऐकू येत असेल ते घ्या. आणि घरात एखादं वडीलधारं माणूस असेल, ज्यानं आयुष्यभर नुसतं ऐकलं आहे, तर त्याला शेजारी बसवा. तार खाली आहे की वर, ते तुम्हाला बरोबर सांगेल.